सरीसृप पाळण्याचा छंद : हौस, कायदा आणि मर्यादा

श्रावणात नागपंचमीला पाटावर गंधाने नाग रेखाटून त्याची पूजा करावयाची, आणि देवळात गेल्यावर सभामंडपातील दगडी कासवाला नमस्कार करून मग गाभाऱ्याकडे वळावयाचे, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांशी मराठी माणसाचा संबंध असा भय आणि आदर या दोन्ही भावनांचा आहे. शेतातील उंदरांवर जगणारी धामण, विहिरीतील कासव, बांधावरची घोरपड ही सारी त्याच्या परिसरातील मंडळी. परंतु ती शेजारी होती, घरातील नव्हती. असे प्राणी काचेच्या पेटीत ठेवावेत, त्यांची संख्या वाढवीत जावे आणि आल्यागेल्याला ती अभिमानाने दाखवावी, ही कल्पना मात्र अलीकडची आहे.

गेल्या काही दशकांत हा छंद मोठ्या शहरांत रुजला. आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान अजगर, मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना, ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा, अमेरिकेतील लाल पट्ट्याचे पाणकासव अशा अनेक परदेशी प्रजाती घरोघरी आल्या. या छंदामागे बहुधा खरी जिज्ञासा असते. सापाविषयीची अनाठायी भीती कमी होणे ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण सुरू होते ती पुढे. एक प्राणी आणणारा हौशी माणूस वर्ष-दोन वर्षांत दहा-वीस पेट्यांचा धनी होतो, आणि मग प्राणी वाढतात, पण त्यांची निगा राखणारे हात तेवढेच राहतात. किती प्राणी पाळावेत, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. तथापि तो आकडा कसा ठरवावा, याची रीत निश्चितपणे सांगता येते.

देशी प्रजातींची मर्यादा : शून्य

पहिली मर्यादा कायद्याने घातलेली आहे आणि तिच्यात तडजोडीला जागा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचीतील वन्य प्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. येथे ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे एवढाच नाही. प्राण्याला पकडणे, त्याच्यासाठी सापळा लावणे आणि सरीसृपांच्या बाबतीत त्यांच्या अंड्यांची नासधूस करणे, हेही त्या व्याख्येत येते. २०२२ साली या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. अनुसूची १ मधील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षेची तरतूद आहे.

नाग, अजगर, घोरपड आणि आपल्या विहिरी-तळ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासव यांना कायद्याचे संरक्षण आहे. तरीही दोन प्राण्यांबाबत समाजात मोठे गैरसमज दिसतात. मांडूळ या निरुपद्रवी सापाची शेपटी बोथट असल्यामुळे त्याला दोन तोंडे असल्याची समजूत पसरली आणि त्यातून गुप्तधनाच्या व भाग्योदयाच्या कथा जोडल्या गेल्या. या कथांपायीच त्याची चोरटी विक्री होते. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या तारा कासवाचेही तसेच. घरात ठेवल्यास भरभराट होते या समजुतीने ते विकत घेतले जाते. कोरड्या माळरानावर व काटेरी झुडपांत चरणारा हा प्राणी पुष्कळदा पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवला जातो, आणि भरभराट राहिली दूर, तो आजारी पडतो. या कासवाच्या व्यापाराचे प्रमाण पाहून २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याला सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत घालण्यात आले.

तात्पर्य, देशी वन्य सरीसृपांबाबत घरगुती मर्यादा शून्य आहे. एक मांडूळ ठेवणे आणि दहा मांडुळे ठेवणे यांत फरक केवळ अपराधाच्या आकाराचा आहे.

परदेशी प्रजाती : नोंदणीचे बंधन

परदेशी प्रजातींची स्थिती वेगळी आहे. धोक्यात आलेल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ हा करार १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला आणि १९७६ साली भारत त्यात सामील झाला. बॉल पायथन व हिरवा इग्वाना यांसारख्या अनेक प्रजाती या कराराच्या परिशिष्टांत आहेत. त्यांची दखल आपल्या कायद्याने सविस्तर घेतली ती मात्र २०२२ च्या दुरुस्तीत. अशा प्रजाती आता अधिनियमाच्या अनुसूची ४ मध्ये समाविष्ट आहेत. त्यांपैकी जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक झाले असून प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही माहिती द्यावयाची असते. यासंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदणी केंद्र शासनाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती.

हे नियम केवळ कागदोपत्री उपचार आहेत, असे मानणे योग्य नाही. कोणता प्राणी कोठून आला, तो बंदिवासात जन्मला की अरण्यातून पकडला गेला, हे नोंदीवाचून कळत नाही. विक्रेत्याकडे कागद नसतील तर तो प्राणी स्वस्तात मिळाला याचा आनंद मानण्याचे कारण नाही. त्या व्यवहारात एखाद्या दूरच्या जंगलाचा तोटा दडलेला असू शकतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली स्वतंत्र नियम झाले असून त्यांनुसार दुकानांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. खरेदीपूर्वी ग्राहकाने या नोंदणीची विचारणा अवश्य करावी.

न रडणारा प्राणी

कायद्याची रेषा ओलांडली नाही म्हणजे जबाबदारी संपली, असे मात्र नव्हे. दुसरी मर्यादा प्राण्याच्या शरीरधर्मातून येते. सस्तन प्राणी आपल्या शरीराची उष्णता स्वतः निर्माण करतात. साप, सरडे व कासवे यांना ती बाहेरून मिळवावी लागते. म्हणून पेटीचे एक टोक उबदार व दुसरे थंड असावे लागते, जेणेकरून प्राणी आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलू शकेल. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला सुमारे ३२ अंश आणि थंड टोकाला सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान लागते. उष्णता कमी पडली तर खाल्लेले अन्न पचत नाही आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते.

दिवसा वावरणारे सरडे व कासवे यांना सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची गरज असते. त्यांच्या साहाय्याने शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते व आहारातील कॅल्शियम अंगी लागते. खिडकीजवळ पेटी ठेवून हे साधत नाही, कारण खिडकीची साधी काच हे उपयुक्त किरण बहुतांशी अडवून धरते. परिणामी हाडे मऊ पडतात, जबडा व पाय वाकतात, कासवाच्या कवचाचा आकार बिघडतो. एकदा वाकलेले हाड पूर्ववत होत नाही.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा प्राणी तक्रार करीत नाही. भुकेले वासरू हंबरते, कुत्रा दाराशी येऊन उभा राहतो. साप मात्र आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो आणि आजारी असला तरी निरोगी सापासारखाच वेटोळे घालून पडून असतो. त्याचे दुखणे पाहणाऱ्याच्या लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून या प्राण्यांच्या बाबतीत निगा राखणे म्हणजे मुख्यतः निरीक्षण करणे होय. कात नीट निघाली का, विष्ठा कशी आहे, वजन घटले का, श्वास घेताना आवाज येतो का, हे प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत स्वतंत्रपणे पाहून वहीत टिपावे लागते. मोठा संग्रह बिघडतो तो बहुधा क्रौर्यामुळे नव्हे. चाळीस पेट्यांतील सतराव्या पेटीकडे चार दिवस कोणी नीट पाहिले नाही, एवढेच त्याला पुरते.

संख्येचा हिशेब

आपली मर्यादा किती, हे जाणण्यासाठी साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका पेटीची पाहणी, पाणी बदलणे, स्वच्छता, आहार व नोंद यांसाठी सरासरीने दिवसाला दहा मिनिटे लागतात. चार पेट्यांना चाळीस मिनिटे पुरतील, नोकरी सांभाळून तेवढा वेळ काढता येईल. चाळीस पेट्यांना चारशे मिनिटे, म्हणजे रोज पावणेसात तास लागतील. छंद येथे संपतो आणि पूर्ण वेळची चाकरी सुरू होते.

विजेचेही तसेच. प्रत्येक पेटीतील उष्णतेचे साधन २५ वॅटचे असून ते रोज बारा तास चालते असे धरले, तर चाळीस पेट्यांना दिवसाला १२ व महिन्याला ३६० युनिट वीज लागेल. वीजपुरवठा खंडित झाला तर त्या सर्व प्राण्यांना एकाच वेळी ऊब पुरविण्याची सोय घरात आहे काय, हा प्रश्न पहिला प्राणी आणण्यापूर्वी विचारावयाचा असतो. सरीसृपांवर उपचार करण्याचा अनुभव असलेले पशुवैद्य थोडे आहेत आणि ते मोठ्या शहरांतच आढळतात, हाही या हिशेबातील एक भाग होय.

तिसरा हिशेब वर्षांचा. बॉल पायथन बंदिवासात वीस ते तीस वर्षे सहज जगतो, काही त्याहूनही अधिक. इग्वाना पंधरा-वीस वर्षे जगतो आणि शेपटीसह दीड मीटरहून लांब होतो. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने आणलेला प्राणी त्याच्या नोकरीतील बदल्या, लग्न आणि मुलांचे शिक्षण या सर्वांतून त्याच्यासोबत राहणार असतो.

चौथा हिशेब प्रजननाचा. बिअर्डेड ड्रॅगनची मादी एका वेळी वीसच्या आसपास अंडी घालते आणि एका हंगामात अनेकदा घालते. नर-मादी एकत्र ठेवणाऱ्याने पिलांसाठी जबाबदार घरे आधी शोधलेली नसतील, तर जोडीचा संग्रह कधी झाला हे त्याला कळणारही नाही. त्यातच नवा प्राणी आणल्यावर त्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे लागते. अन्यथा त्याच्या अंगावरील गोचिडीसारखे सूक्ष्म परजीवी व संसर्ग साऱ्या संग्रहात पसरतात. ज्याच्याकडे अशी वेगळी जागा उरलेली नाही, त्याच्या संग्रहाची मर्यादा गाठली गेली आहे, असे समजावे.

या सर्व हिशेबांतून येणारा जो सर्वांत लहान आकडा, तोच त्या माणसाचा आकडा. वेळ दहा प्राण्यांचा असेल, जागा सहांची असेल आणि घरधनी गावाला गेल्यावर घरातील दुसरी व्यक्ती तिघांचेच करू शकत असेल, तर मर्यादा तीन होय.

नाण्याएवढे कासव

मर्यादा ओलांडलेल्या संग्रहातील प्राणी शेवटी कोठे जातात, हे लाल पट्ट्याच्या पाणकासवाच्या उदाहरणावरून समजते. रेड-इअर्ड स्लायडर या नावाने विकले जाणारे हे कासव मूळचे अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील. विकताना ते मोठ्या नाण्याहून थोडेच मोठे असते. पुढे त्याचे कवच २५ सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही वाढते आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. टाकी अपुरी पडू लागली, पाण्याला वास येऊ लागला की काही जण पुण्यकर्म समजून ते जवळच्या तळ्यात सोडून देतात.

हे पुण्यकर्म नव्हे. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. उन्हाला बसण्याच्या जागा, अन्न व अंडी घालण्याच्या जागा यांसाठी ते स्थानिक कासवांशी स्पर्धा करते आणि आपल्याबरोबर रोगही नेते. भारतात गोड्या पाण्यातील कासवांच्या २४ प्रजाती असून त्यांपैकी अनेक आधीच संकटात आहेत.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा अनुभव याहून कठोर आहे. पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर तेथील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत सुटले, वाढले व स्थिरावले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अजगर सर्वाधिक काळ राहत आलेल्या भागात रॅकून या सस्तन प्राण्याचे दर्शन सुमारे ९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकेने या अजगराच्या आयातीवर बंदी घातली. परंतु दलदलीतील अजगर परत पेटीत जाणार नव्हते. आपल्या अधिनियमातही २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला आहे.

घरातील माणसांचे आरोग्य

निरोगी दिसणाऱ्या सरीसृपाच्या आतड्यातही साल्मोनेला हे जंतू असू शकतात. ते विष्ठेतून पाण्यात, पेटीत व प्राण्याच्या अंगावर पसरतात. लहान कासव हातात घेऊन मुलाने तेच हात तोंडात घातले, की ताप, जुलाब व उलट्या सुरू होऊ शकतात. याच कारणास्तव अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व गर्भवती स्त्रिया यांनी हे प्राणी हाताळू नयेत. इतरांनी हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि पेटीतील भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नयेत.

विषारी साप घरी ठेवणे तर सर्वथा वर्ज्य होय. आपल्या देशात तयार होणारी सर्पदंशावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर आधारलेली आहे. परदेशी विषारी साप चावल्यास ती उपयोगी पडेल असे धरून चालता येत नाही.

सर्पमित्र आणि साठवण

महाराष्ट्रात सर्पमित्रांनी मोलाचे काम केले आहे. घरात निघालेला साप काठीने मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलावण्याची सवय त्यांच्यामुळे लोकांना लागली. मात्र पकडलेले साप घरी बरण्यांत व पोत्यांत साठवून ठेवणे, त्यांचे खेळ दाखविणे किंवा छायाचित्रांसाठी ते गळ्यात घालणे, हे या कामाला धरून नाही. सुटका केलेला साप हा संग्रहातील वस्तू नसतो. वन विभागाला माहिती देऊन तो शक्य तितक्या लवकर, पकडलेल्या ठिकाणापासून फार दूर न नेता योग्य अधिवासात सोडणे इष्ट असते, कारण अनोळखी मुलखात सापाला भक्ष्य व आसरा शोधणे कठीण जाते. विणीच्या काळातील घोणस एका वेळी वीस-चाळीस पिलांना जन्म देऊ शकते, एवढी एकच गोष्ट घरातील साठवण किती धोक्याची आहे हे सांगण्यास पुरेशी आहे.

गाव, शाळा आणि कार्यालय

या विषयात स्थानिक कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. या नोंदवहीत गावातील साप, सरडे व कासवे यांची नोंद झाली, तर गावच्या तळ्यात परके कासव दिसताच ते ओळखता येईल. शिक्षकांनी वर्गात कासवाची टाकी ठेवण्याऐवजी शाळेच्या आवारातील सरड्याचे दुरून निरीक्षण करण्यास मुलांना शिकवावे. साप दूध पीत नाही, मांडुळाला दोन तोंडे नसतात, या गोष्टी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन सांगाव्यात.

एखाद्या घरात प्राण्यांची संख्या हाताबाहेर गेल्याचे कळले, तर तेथे गर्दी करून घरधन्याला लाजविण्याने काही साधत नाही. भयाने तो प्राणी रातोरात ओढ्यात सोडील, एवढेच. अशा माणसाला मार्ग दाखविणे अधिक उपयुक्त ठरते. संरक्षित प्राणी स्वेच्छेने मुख्य वन्यजीव रक्षकांच्या स्वाधीन करण्याची तरतूद २०२२ च्या दुरुस्तीत करण्यात आली आहे. त्यासाठी मोबदला मिळत नाही, पण प्राण्याला ठिकाण मिळते. राज्याच्या वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती देता येते. प्राणी कोंडून त्याला हालचालीस पुरेशी जागा न देणे, हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली अपराध आहे, याचीही जाणीव संबंधितास शांतपणे करून द्यावी.

ज्याला सरीसृपांविषयी खरोखर आस्था आहे, त्याला हा छंद सोडून देण्याची गरज नाही. कायद्याने परवानगी असलेल्या प्रजातीचा, नोंदणी केलेला एकच प्राणी घेऊन त्याच्या आयुष्याची वही वर्षानुवर्षे नीट ठेवणारा माणूस त्या प्रजातीविषयी जे शिकेल, ते चाळीस पेट्यांवरून धावती नजर फिरविणाऱ्याला कधी कळणार नाही. पुढचा प्राणी आणण्यापूर्वी त्याने ती वही उघडावी. गेल्या महिन्यातील एकाही दिवसाची नोंद राहून गेली असेल, तर दुसरी पेटी घरात आणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.